पहिलं कर्नल बांधताना

विश्रामबागच्या रूमवर जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचं कर्नल (सिस्टमचा गाभा) सोर्स कोडपासून बांधणार आहेस ना, मग कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, कोऱ्या पाटीवर सुरू करू नकोस. मेनूकॉन्फिग या पर्याय निवडायच्या मेनूमधले हजारो पर्याय वाचत बसलास तर गणपती येऊन जातील. चालू कर्नलची कॉन्फिग बूट फोल्डरमध्ये सापडेल. ती सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये 'डॉट कॉन्फिग' नावाने ठेव आणि 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' चालव. आत्ता लोड असलेली मॉड्यूल्स (हार्डवेअर वगैरे चालवणारे कर्नलचे सुटे भाग) ठेवून बाकीची ते गाळतं, वेळ भरपूर वाचतो.

गोम इथेच आहे. त्या क्षणी न जोडलेल्या वस्तूचं मॉड्यूलही गळतं. रूमवर सगळं झकास, आणि लॅबमध्ये यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावला की ढिम्म! म्हणून आधी पेन ड्राइव्ह, वेबकॅम, मोबाइलचं टेदरिंग, जे जे वापरतोस ते एकदा जोडून घे.

उबुंटूची कॉन्फिग असेल तर 'सिस्टम ट्रस्टेड कीज' आणि 'सिस्टम रिव्होकेशन कीज' या तिच्यातल्या नोंदी रिकाम्या कर, नाहीतर सर्टिफिकेट नाही म्हणून बिल्ड अडतो. डीबग इन्फो (चुका शोधायला लागणारी जादा माहिती) बंद कर, डिस्कवरची कित्येक जीबी जागा वाचेल.

लोकलव्हर्जनला, म्हणजे कर्नलच्या आवृत्तीमागे लागणाऱ्या शेपटाला, स्वतःचं नाव दे. मी 'हळद' देतो, सांगलीकराला दुसरं काय सुचणार! मग 'मेक बिनडेब-पीकेजी' चालव, कर्नल बांधायला लागेल. शेवटी डेब पॅकेज (उबुंटूसारख्या सिस्टमवर इन्स्टॉल करायची फाइल) मिळतं, नको झालं की काढता येतं. मध्येच लाइट गेली तर 'मेक क्लीन' करू नकोस, तीच कमांड पुन्हा दे, झालेलं काम सहसा वाया जात नाही. सिक्युअर बूट (सही तपासूनच सिस्टम सुरू करू देणारी लॅपटॉपची सोय) चालू असेल तर सही नसलेलं कर्नल उठणार नाही, ते आधी बघ. आणि जुनं कर्नल ग्रबमधून (सुरू होताना कर्नल निवडायच्या मेनूतून) इतक्यात काढू नकोस.