कोडियाकची हरणं आणि महिन्याचा हजार डॉलरचा हप्ता

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३९, ग्रीन कार्ड, पगार दीड लाख डॉलर. पत्नी सध्या नोकरी करत नाही, मुलगी सहा वर्षांची, घराचा हप्ता महिना ३,८००. ऑफिसातल्या मित्रांबरोबर ते वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात हरणांच्या शिकारीला जातात. आता त्यांना नोव्हेंबरात अलास्कातल्या कोडियाक बेटावर जायचं आहे, आणि कोल्हापूरहून येणाऱ्या मेहुण्यांनाही न्यायचं आहे. स्वतःचा खर्च त्यांनी ८,००० डॉलर धरलाय. बोटवाल्याला निम्मे पैसे महिनाअखेर आगाऊ द्यायचे आहेत. विचारलंय एवढंच: "आययूएल पॉलिसीवर ८,००० चं कर्ज काढू, की क्रेडिट कार्डावर टाकून वर्षभरात फेडू? आमचे एजंट म्हणतात, पॉलिसीचं कर्ज फुकटच पडतं." आययूएल म्हणजे आयुर्विमा आणि बचत एकत्र, बचतीवरचं व्याज शेअर निर्देशांकावर ठरतं.

दोन्ही नको. बोटवाल्याला फोन करा आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली जागा मागा. या बोटी तशाही वर्षभर आधी भरतात.

सहलीचा हिशोब आधी उरकतो, कारण तो तुमच्या मानाने बराच नीट आहे. बोट आणि जेवणखाण ४,५००, विमानं ९००, परदेशातल्या नव्हे पण परराज्यातल्या शिकाऱ्याचं लायसन्स १६० आणि हरणाचा टॅग (एक हरीण मारण्याची परवानगी) ३००, कपडे-सामान १,५००, किरकोळ ६००. इथपर्यंत ठीक. मग खाली तुम्ही "मांस १५० पौंड, दर १० डॉलर" म्हणून दीड हजार वजा केलेत आणि सहल ६,५०० ची करून टाकलीत. कोडियाकचं हरीण म्हणजे सिटका ब्लॅकटेल, त्याचा नर भरल्या अंगाचा असला तरी जिवंतपणी साधारण १२० पौंडांचा. हाडं काढून हाती येतं चाळीस-पन्नास पौंड. म्हणजे तुम्ही तीन हरणं आधीच मारून फ्रीजरमध्ये ठेवलीत. शिकारीचं मांस अलास्कात विकता येत नाही, ते खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि बेटावर साडेतीन हजारांच्या आसपास तपकिरी अस्वलं आहेत, त्यांनाही मेलेल्या हरणाचा वास कळतो. तेव्हा मांस हा खर्चच धरा: गोठवणं, पॅकिंग, विमानाचं जादा सामान, असे चारशे-पाचशे. बोटीवरच्या पोरांना टिप चारशे. धुकं-वाऱ्यामुळे विमान न उडाल्यास कोडियाक गावात दोन-तीन रात्री, सहाशे. सहल साडेनऊ हजारांची आहे.

अस्वलांचा स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस विमानात नेऊ देत नाहीत, ते तिथे उतरूनच घ्या. जखमी माणसाला अँकरेजला हवाई रुग्णवाहिकेने हलवायची वेळ आली तर बिल हजारांत नाही, दहा-दहा हजारांत मोजतात. तेवढा प्रवास विमा घ्या, आणि त्यात शिकार वगळलेली नाही ना हे वाचून घ्या.

मेहुण्यांचं मात्र जमणार नाही. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी आहात, म्हणून तुम्हाला हरणासाठी गाइडची सक्ती नाही. ते टुरिस्ट व्हिसावर येणार. परदेशी पाहुण्याला अलास्कात कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीला परवानाधारक गाइड बरोबर लागतो. तुमचा बोटवाला ट्रान्सपोर्टर आहे: तो तुम्हाला नेतो, जेवू-झोपू घालतो, शिकार दाखवत नाही. त्यांचं लायसन्सही ६३० आणि टॅग ४००. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ज्यांनी शिकार पाहिलीच नाही, त्यांना पहिला धडा नोव्हेंबरातल्या कोडियाकवर, आठ तासांच्या उजेडात द्यायला नको. त्यांना सप्टेंबरात सिल्व्हर सामन पकडायला न्या. मासेमारीचं लायसन्स लागतं, गाइड लागत नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "४०१-के मध्ये सध्या २ टक्केच टाकतो, कारण पॉलिसीचा हप्ता महिना १,००० जातो." ४०१-के म्हणजे नोकरीतून, पगारातून कापलं जाणारं निवृत्तीचं खातं.

तुमची कंपनी पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही जे टाकाल त्याच्या निम्मे स्वतःचे घालते. दीड लाखाचे ६ टक्के ९,०००, त्यावर कंपनीचे ४,५००. तुम्ही टाकता ३,०००, कंपनी देते १,५००. म्हणजे वर्षाला ३,००० डॉलर कंपनी पुढे करतेय आणि तुम्ही हात मागे घेताय. तीन वर्षांत ९,०००. अख्खं कोडियाक त्यात झालं असतं, कर्जाविना. आणि हेच ३,००० पुढची पंचवीस वर्षं सोडलेत, तर ६ टक्क्यांनी ते दीड लाखाच्या वर जातात.

हे सोडून तुम्ही काय घेतलंत? तीन वर्षांत ३६,००० भरलेत. खात्याचं मूल्य २४,००० दिसतं. त्यातून सरेंडर चार्ज, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडल्याचा दंड, १५,००० वजा केला की तुमच्या हाती ९,०००. छत्तीसचे नऊ. आणि एजंट म्हणतात कर्ज फुकट!

फुकट कसं, तेही बघू. ९,००० वर ८,००० काढले की मागे उरतात १,०००. तुम्ही भरलेल्या ३६,००० चे आज २४,००० आहेत, म्हणजे व्याज जमेस धरूनही पॉलिसी महिन्याला तीनशेच्या वर खाते आहे. उद्या नोकरी गेली, तीन-चार हप्ते चुकले, की पॉलिसी बंद पडणार. सिअ‍ॅटलच्या आसपास टेकमध्ये नोकरी करणाऱ्याला नोकरी जाण्याची गोष्ट मी वेगळी सांगायला नको. विमा गेला, पैसे गेले आणि हे नेमकं पगार थांबलेला असताना.

एजंटनी दिलेलं इलस्ट्रेशन, म्हणजे पुढच्या वर्षांचा अंदाजी तक्ता, तुम्ही जोडलंत, बरं केलंत. दर वर्षी ६.८ टक्के, ओळीने सव्वीस वर्षं, आणि ६५ व्या वर्षापासून "करमुक्त" ६०,००० दरसाल. कोडियाकवर हरीण मूळचं नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. १९२४ ते १९३४ दरम्यान आग्नेय अलास्कातून जेमतेम पंचवीसेक हरणं आणून सोडली आणि त्यांची हजारो झाली. पण दर वर्षी सारख्या टक्क्याने नाही. कडक हिवाळा आला की ती मोठ्या संख्येने मरतात, १९९८-९९ ला तसंच झालं. तुमच्या इलस्ट्रेशनमध्ये हिवाळा एकही नाही.

"पण यात तोटा शून्याखाली जात नाही," हे त्यांचं पुढचं वाक्य असणार. बाजार पडला तर व्याज शून्य, हे खरं. विम्याचा आकार, प्रशासनाचा आकार मात्र त्या वर्षीही कापला जातो, म्हणजे खातं खालीच जातं. बाजार २५ टक्के वर गेला तर तुम्हाला कॅपपुरते, म्हणजे व्याजाच्या कमाल मर्यादेपुरते, तुमच्या कागदावर साडेनऊ. त्यातही एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा लाभांश धरलेला नाही, नुसता निर्देशांक. आणि हा कॅप विमा कंपनी पुढे खाली आणू शकते. करारात हमी दिलेला किमान कॅप किती आहे ते पान उघडून बघा. विकताना ते पान कोणी उघडत नाही.

एजंट तुम्हाला मंडळाच्या गणपतीत भेटले, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत "मुलीच्या कॉलेजचं काय केलंत?" इथून विषय निघाला, असं तुम्ही लिहिता. तुम्हालाही एजंट व्हा म्हणाले असतील. त्यांना पहिल्या वर्षीच्या तुमच्या हप्त्यातला मोठा भाग कमिशन म्हणून मिळाला, म्हणूनच सरेंडर चार्ज इतका जाड असतो. ते भले गृहस्थ असतील, मोदक उत्तम करत असतील. पण पत्नी आणि मुलगी तुमच्या एका पगारावर असताना त्यांनी तुम्हाला विमा किती विकला? अडीच लाखांचा. घराच्या कर्जाच्या निम्माही नाही.

ते आता सांगतील की पॉलिसीला पंधरा वर्षं पुरी होऊ द्या, सरेंडर चार्ज शून्य होईल. होईल. उरलेल्या बारा वर्षांत १५,००० चा चार्ज वर्षाला साधारण १,२५० ने उतरेल. ते वाचवायला तुम्ही वर्षाला १२,००० भरणार आणि कंपनीचे ३,००० सोडणार. गेले ते गेले, त्यांच्या मागे आणखी पाठवू नका.

क्रम मात्र पाळा. आज रात्रीच ४०१-के ६ टक्क्यांवर न्या. पगारातून महिना ५०० जास्त जातील, पण कर वाचून हातातला पगार ३९० च्या आसपासच कमी होईल. या आठवड्यात दहा लाख डॉलरच्या वीस वर्षांच्या टर्म इन्शुरन्सचा (बचत नसलेल्या, नुसत्या विम्याचा) अर्ज करा. तब्येत चांगली असेल तर महिना साठच्या आसपास पडेल. अर्जात शिकार, छोटी विमानं, सगळं खरं लिहा. ही नवी पॉलिसी लागू झाल्याचा कागद हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता चालू ठेवा. त्यानंतरच जुनी सरेंडर करा. भरलेल्या रकमेचा करातला फायदा टिकवायला ते ९,००० एखाद्या स्वस्त अ‍ॅन्युइटीत (विमा कंपनीच्या निवृत्ती योजनेत) वळवायची वाट आहे, पण एवढ्याशा रकमेसाठी आणि ती साडेएकोणसाठपर्यंत अडकवून, मी तो खटाटोप करणार नाही.

ते ९,००० कोडियाकला जाणार नाहीत. तुमची गंगाजळी ६,००० ची, म्हणजे घराचे दीड हप्ते. त्यात घाला, १५,००० होतील. तेही कमीच आहेत, पण झोप लागेल.

हजाराचा हप्ता सुटला, त्यातून ३९० आणि ६० गेले, उरले साडेपाचशे. हे वेगळ्या खात्यात टाका. आज जून आहे, पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत सतरा महिने, साडेनऊ हजारांना शे-दीडशे कमी. ते रायफलच्या नव्या दुर्बिणीतून कापा. तुमच्या यादीतली ७०० ची दुर्बीण बघितली, जुनी चालते असं तुम्हीच पत्रात आधीच्या परिच्छेदात लिहिलंय.

सरेंडरचा फॉर्म थेट विमा कंपनीकडून मागवा, एजंटकडून नको. त्यांचा फोन येईलच. चहाला बोलावतील, नवं इलस्ट्रेशन आणतील. तेव्हा ४ टक्क्यांनी आणि हमीच्या कॅपने काढलेलं इलस्ट्रेशन लेखी मागा. आणलंच, तर मला पाठवा.