सेवेत स्वतःची आवड बघणं हा स्वार्थ आहे का?

नमस्कार ताई,
मी ५९ वर्षांची, जुळे सोलापुरात राहते. विम्याच्या ऑफिसातून गेल्या वर्षी निवृत्त झाले. मुलगा-सून पुण्यात असतात. वेळ जाईना म्हणून ओळखीच्या एका महिला मंडळात जायला लागले. दवाखान्यात फळवाटप, शाळेत वह्यावाटप, तळ्याकाठी वृक्षारोपण, सगळं झालं. दरवेळी फोटो निघायचे आणि घरी आले की मला रिकामं वाटायचं. माझी खरी आवड वाचून दाखवण्याची. सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांना मी रोज पेपर, पोथी, कादंबऱ्या वाचून दाखवत असे. मध्ये आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता, मावशी विड्याही वळतात, तो मी मार्गी लावून दिला. तेवढंच काय ते समाधान. यजमान म्हणतात, "सेवा ती सेवा, त्यात आवडनिवड कसली?" स्वतःच्या हौसेचं काम शोधणं स्वार्थीपणाचं आहे का? आणि शोधायचं तरी कुठे?
– एक वाचक, जुळे सोलापूर

प्रिय मैत्रिणी,

अजिबात स्वार्थ नाही. यजमानांचं म्हणणं मला समजतं. सेवा म्हणजे मनाला मुरड घालणं, असंच आपल्या पिढीच्या कानावर पडत आलं. पण आपल्याच गावात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवा. १९३८ साली ते चीनला गेले ते डॉक्टर म्हणून, स्वतःची विद्या सोबत घेऊन. युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या माणसांशी बोलता यावं म्हणून चिनी भाषाही शिकले. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. आपल्याला जे उत्तम येतं ते त्यांनी दिलं आणि समोरच्यासाठी जे नव्याने शिकावं लागलं तेही शिकले. तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग मला यात दिसतात.

फळवाटपानंतर रिकामं वाटलं याचं मनाला लावून घेऊ नका. खाटेवरच्या माणसाच्या हातात केळं द्यायचं, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं आणि पुढच्या खाटेकडे सरकायचं. त्या माणसाचं नाव आपल्याला कळत नाही. त्याला केळं खायला डॉक्टरांनी सांगितलंय का, हेही कुणी विचारत नाही. तुम्हाला माणूस भेटलाच नाही, मग समाधान कुठून येणार? मंडळातल्या मैत्रिणींना मात्र धरून राहा, त्या मनापासून करतात.

आता वाचनाचं. तुमच्या वाचनाची गरज दृष्टिहीन विद्यार्थ्यांना आहे. त्यांचे फोन हल्ली मराठी वाचून दाखवतात, त्यामुळे माणसाच्या आवाजाची गरज संपली असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत टाइप केलेलं फोन नीट वाचतो. पण जुन्या फॉन्टमधल्या नोट्स लावल्या की तो अर्थहीन अक्षरं बडबडतो, आणि वर्गमित्राच्या हस्ताक्षरातल्या वहीपुढे तर बऱ्याचदा हात टेकतो. परीक्षा तोंडावर आलेली असते आणि पोराकडे नोट्स असूनही त्या उपयोगाच्या नसतात. तिथे तुमचा आवाज लागणार आहे.

मात्र एक गोष्ट आधीच स्वतःला विचारा. आवड वाचून दाखवण्याची आहे की कादंबऱ्यांची? सासूबाईंना गोष्ट हवी होती. बी.ए.च्या मुलाला राज्यशास्त्राच्या नोट्स हव्या असतील, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलीला चालू घडामोडी आणि आकडे. ती म्हणेल, "मॅडम, हा परिच्छेद परत वाचा," आणि तुम्ही तो चार वेळा वाचाल. त्यात रस वाटला तर तुमचं काम तुम्हाला सापडलं. कंटाळा आला तर तसंही कबूल करा. एखाद्या वृद्ध वाचकाला कादंबरी वाचून दाखवणं हेही तितकंच मोलाचं काम आहे, फक्त ते वेगळं काम आहे.

रेकॉर्डिंग करायचं ठरलं तर फोन पुरतो. प्रत्येक धड्याची वेगळी फाइल करा, सुरुवातीला पुस्तकाचं आणि धड्याचं नाव सांगा, पान उलटलं की पानाचा आकडा बोला. अभिनय नको. नकाशा किंवा तक्ता आला की तो गाळायचा मोह होतो, आणि नेमकं तेच मुलांना दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्यात काय दाखवलंय ते शब्दांत सांगा. पंख्याची घरघर आवाजात उतरते, म्हणून तो बंद ठेवावा लागतो. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये याचा अर्थ पहाटेच वाचायला बसणं.

पुस्तक रेकॉर्ड करणं बेकायदा तर नाही ना, अशी शंका तुमच्यासारख्या नियमाने चालणाऱ्या बाईला येणारच. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, अशी सुलभ प्रत तयार करायला मुभा मिळाली. याच विषयावरचा माराकेश करार मान्य करणारा भारत हा २०१४ मध्ये जगातला पहिला देश होता. तुमच्या फाइली त्या विद्यार्थ्यांपुरत्या ठेवा, यूट्यूबवर चढवू नका.

परीक्षेत लेखनिक म्हणून, म्हणजे परीक्षार्थी सांगेल ते उत्तर लिहायला, बसण्याची इच्छा झाली तर आधी नियम विचारा. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं, अशी अट बऱ्याच परीक्षांना असते, त्यामुळे पदवीधर बाईला दहावीच्या मुलासाठी बहुधा बसता येणार नाही. पण त्याच्या सरावात बसता येईल. तो सांगेल, तुम्ही लिहाल. लेखनिकाला नेमकं कसं सांगायचं, कुठे थांबायचं, ही सवय मुलांना सरावानेच लागते, आणि ती करून घ्यायला माणूस मिळत नाही.

शोधायचं कुठे? अंधशाळेत जा, विद्यापीठात आणि मोठ्या महाविद्यालयांत दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम कोण बघतं ते विचारा, हिराचंद नेमचंद वाचनालयात ग्रंथपालांशी बोला. "काही सेवा असेल तर सांगा" असं म्हणू नका, त्यावर पुन्हा वह्यावाटपच पदरात पडेल. "मला आठवड्यातून दोन सकाळी वाचून दाखवता येईल, कुणाला, कोणत्या विषयाचं हवंय?" असं विचारा. नळाला पाणी येण्याचे दिवस आधीच वगळून सांगा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या सकाळी घर सोडता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि एकदा विद्यार्थी हाती घेतला की त्याची परीक्षा होईपर्यंत सोडायचा नाही. पुण्याला मुलाकडे जायचं असेल तर तारखा आधी कळवा. फोनवरूनही वाचता येतंच.

तुमच्या पत्रातलं शिष्यवृत्तीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी त्यावर थांबले. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. आणि तो अडतो कुठे? आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासबुकावर तिसरं. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू आडनावं इंग्रजीत लिहिताना एखादं अक्षर कुठे दुप्पट होतं, कुठे गळून जातं. आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. नाव दुरुस्त करायला ती रांगेत उभी राहिली की त्या दिवसाच्या विड्या गेल्या. मग ती अर्जच सोडून देते. तुमचा जन्म विम्याचे कागद तपासण्यात गेला, कागदावरची चूक तुम्हाला लांबून दिसते. हीही तुमची आवडच आहे, नोकरीत गेल्यामुळे तुम्ही तिला आवड म्हणत नाही इतकंच. वाचनाचं काम बसलं की अर्ज भरण्याच्या दिवसांत आठवड्यातली एक दुपार यासाठी काढा. मावशींनाच सांगा, त्यांच्या गल्लीतल्या बायका कागद घेऊन येतील.

यजमानांशी वाद घालू नका. पहिली फाइल त्यांना ऐकवा आणि कुठे समजलं नाही ते विचारा. अंधशाळेत जाताना बालभारतीच्या इतिहासातला एखादा धडा रेकॉर्ड करून न्या, म्हणजे तुमचा आवाज आणि वाचण्याचा वेग त्यांना तिथेच ऐकता येईल. पुढे काय झालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई