पशुवैद्यकांना विचारा : पांढऱ्या हिरड्यांचा बोका

प्रश्न : मोंढ्यात आमच्या दुकानापाशी एक भटका बोका असतो. पंधरा दिवस झाले, खाणं सुटलंय, नुसता पोत्यांवर पडून राहतो आणि भिंत चाटतो. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगावर पिसवा. 'गोचीड ताप' म्हणून दवाखान्यात इंजेक्शन झालं, पण फरक नाही. रक्ताच्या रिपोर्टात काहीच निघालं नाही. आता काय करावं? – एक वाचक, परभणी

उत्तर : भिंत चाटतो हे लिहिलंत ते बरं झालं. रक्त कमी झालेलं मांजर माती, भिंत, फरशी चाटतं, पण घरचे ते खोडीत काढतात.

'गोचीड ताप' हे नाव गुरांवरून आणि कुत्र्यांवरून मांजरावर आलं. भटक्या, भांडखोर, पिसवा झालेल्या बोक्यात पहिला संशय घ्यायचा तो मायकोप्लाझ्मा हिमोफेलिसचा. जुन्या पुस्तकांत हाच हिमोबार्टोनेला. बोलताना त्याला रक्तातला परजीवी म्हणतात, प्रत्यक्षात तो पेशीभित्तिका नसलेला जिवाणू आहे. म्हणून पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाहीत आणि बबेसियावरचं (गोचीड तापाच्या परजीवीवरचं) डायमिनाझिनही नाही. तो लाल पेशीच्या आत शिरत नाही, वरून चिकटतो. मग बोक्याचं शरीरच त्या पेशी परक्या समजून मोडायला लागतं, बरंचसं प्लीहेत.

रिपोर्टात काही न निघण्याचं कारण बहुधा नळीत आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) काही तासांतच हे जंतू पेशींवरून सुटतात. सकाळचं रक्त संध्याकाळी लॅबमध्ये पोचलं की सूक्ष्मदर्शकाखालची काच कोरी दिसते. त्यात एके दिवशी रक्तात भरपूर जंतू आणि दोन दिवसांनी एकही नाही, असंही याचं चालतं. तेव्हा डॉक्टरांना जागेवरच काच करायला सांगा. कानाच्या कडेचे केस कापून स्पिरिट लावायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं, बारीक सुईने टोचायचं. निघालेला छोटा थेंब काचेच्या टोकाला घेऊन दुसरी काच तिरकी धरून एका दमात ओढायची आणि हवेत हलवून लगेच वाळवायची. ओली काच फ्रीजमध्ये ठेवली की पेशी फुटतात. तपासताना काचेवर टाकलेल्या रंगाचे कण जंतूंसारखे दिसतात. शिवाय मांजराच्या थोड्या लाल पेशींत 'हॉवेल-जॉली' ठिपके (पेशीच्या केंद्रकाचे उरलेले तुकडे) मुळातच असतात, तेही फसवतात. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) केलं तर सर्वांत खात्रीचं. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, बोका तिकडे नेता आला तर न्याच.

औषध डॉक्सिसायक्लिन, किलोमागे १० मिग्रॅ, दिवसातून एकदा, २१ ते २८ दिवस. ३ किलोच्या बोक्याला ३० मिग्रॅ होतात. बाटलीवर ५ मिलीत ५० मिग्रॅ लिहिलं असेल तर ३ मिली. आधी वजन करा, अंदाजाने देऊ नका. बिघडतं ते बहुतेक तीन ठिकाणी. पहिलं, कोरडी गोळी. ती अन्ननलिकेत अडकून राहते, तिथे जखम होते आणि पुढे नळी आकसते. बोका आजारातून उठतो, पण खाल्लेलं गिळता येत नाही. म्हणून गोळी दिल्यावर सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचं किंवा वर ओलं खाणं द्यायचं. दुसरं, दूध. आपल्याकडे औषध म्हटलं की दुधाची वाटी पुढे येतेच, पण दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं. उकडलेल्या चिकनमध्ये कालवून द्या. तिसरं, आठवड्यात बोका हुंदडायला लागला म्हणून औषध बंद करणं. लोहाचं टॉनिकही आपल्या मनाने नको. पेशी शरीरातच मोडतात, त्यांतलं लोह बाहेर जात नाही, आणि वरून दिलेलं लोह डॉक्सिसायक्लिनला बांधून टाकतं. पिल्लाला पिसवांनी शोषून काढलं असेल तर गोष्ट वेगळी.

आधी पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, करून घ्या. निरोगी मांजरात ते साधारण २४ ते ४५ टक्के असतं. १५ च्या खाली गेलं आणि धाप लागली असेल तर घरी उपचार करत बसू नका, रक्त चढवायची वेळ येऊ शकते. तेही गट जुळवूनच. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त पहिल्याच वेळी दिलं तरी जिवावर बेततं.

प्रश्न : गुरांच्या गोचिडांवर फवारतो तेच औषध पातळ करून मांजराच्या पिसवांना लावलं तर चालेल का? – एक शेतकरी, औसा

उत्तर : नाही. पातळ करूनही नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, कुत्र्यांच्या थेंबांतलं परमेथ्रिन, अमिट्राझ, यांतलं काहीही मांजराला लावू नका. परमेथ्रिनच्या जातीची औषधं मोडून काढायला मांजराच्या यकृताकडे लागणारी यंत्रणाच तोकडी आहे. त्याच कारणाने तापावर पॅरासिटामॉलही नको, एक गोळी जीव घेते. औषध आधीच लावून झालं असेल तर भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा (गरम पाण्याने ते आणखी शोषलं जातं), कोरडं करून उबेत ठेवा. थरथर सुरू झाली की तडक दवाखाना.

पिसवांसाठी मांजरांचं म्हणून मिळणारं फिप्रोनिल घ्या. मानेमागचे केस बाजूला करून थेट कातडीवर थेंब सोडायचे, ८ आठवड्यांखालच्या पिल्लांना नाही. अर्धं काम मात्र जमिनीवर आहे. मेच्या उन्हात उघड्यावर पिसवांची अळी तगत नाही. पोत्यांच्या थप्पीखाली, माळवदाच्या घरातल्या सावलीतल्या मातीत ती मजेत राहते. तिथे झाडून घ्या, अंथरूण उकळत्या पाण्यात बुडवा. कोषातल्या पिसवा दोन-तीन आठवड्यांनीही बाहेर येतात, म्हणून थेंब महिन्याला एकदा, किमान तीन महिने.

प्रश्न : मायकोप्लाझ्मातून बऱ्या झालेल्या भाटीपासून घरच्या दुसऱ्या मांजरांना लागण होईल का? – एक वाचक, जालना

उत्तर : शेजारी बसल्याने नाही. चावे, पिसवा आणि रक्त यांवर लक्ष ठेवा. बरं झालेलं मांजरही बरेचदा जंतू बाळगून असतं, त्यामुळे तिचं रक्त दुसऱ्या मांजराला देऊ नका. विताना किंवा दुसऱ्या आजारात दुखणं उलटू शकतं, तेव्हा आठवड्यातून एकदा ओठ वर करून हिरड्या बघत जा. घरात बोके असतील तर त्यांची नसबंदी करून घ्या, भांडणं कमी होतात.