वाचकांचे प्रश्न : हत्यारांचं कपाट

प्रश्न : पाच-सहा वर्षं हौसेने सुतारकाम करतो आहे. दोन लोखंडी रंधे, सहा पटाश्या, तीन करवती, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं साधन), हातोडे, कानशी असा सगळा पसारा एका पत्र्याच्या पेटीत पडलेला असतो. पटाशीची धार दर वेळी कशाला तरी घासते. भिंतीवर टांगायचं कपाट करायचं ठरवलं आहे : 90 सेंमी उंच, 60 सेंमी रुंद, एकच दार, आणि दाराच्या आतल्या बाजूलाही हत्यारं. नकाशा सोबत पाठवला आहे. लाकूड कापण्याआधी काही चुकत असेल तर सांगा.

उत्तर : नकाशा सुबक काढलाय. माझ्या पहिल्या कपाटाचाही असाच सुबक होता. त्यात गुण्या दोन खुंट्यांवर बसवला होता आणि त्याच्या वर रंध्यांची फळी. सगळं जागच्या जागी बसलं. मग कळलं की गुण्या खुंटीवरून सोडवायला चार सेंटिमीटर वर उचलावा लागतो, आणि फळी तर अडीचवरच आहे. वर फळी डिंकाने चिकटवलेली! वर्षभर तो गुण्या तिरका करून, फळीला ओरखडे पाडत काढला. शेवटी वैतागून पटाशीने फळीचा तेवढा तुकडा उडवला. ती वेडीवाकडी खाच अजून तशीच आहे.

तुमच्या नकाशात नेमकं तेच होणार आहे. पटाश्यांच्या मुठींमध्ये तुम्ही एक सेंटिमीटर सोडलाय. तिथे बोट शिरणार कुठून? निदान अडीच सेंटिमीटर हवेत. मूठ तीन सेंटिमीटरची धरली तरी सहा पटाश्या एकतीस सेंटिमीटरमध्ये मावतात, म्हणजे जागेची अडचण नाहीच. पटाश्या अडकवायच्या पट्टीला नुसती भोकं पाडू नका, प्रत्येक भोकाला समोरून फट चिरा. मुठीखालचा निमुळता भाग त्या फटीतून पुढे यायला हवा. मग पटाशी दोन सेंटिमीटर उचलली की समोर ओढून घेता येते. नुसतं भोक असेल तर अख्खं पातं वर निघेपर्यंत उचलावी लागते आणि त्याच्यासाठी वर तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते. लोहचुंबकाची पट्टी लावायचा मोह होईल. मला ती आवडत नाही. पटाशी खटकन ओढली जाते, धार आपटते, शिवाय पोलादात चुंबकत्व उतरलं की धार लावताना पडलेला लोखंडाचा कीस चिकटून राहतो.

म्हणून कागद बाजूला ठेवा. आधी नुसता सांगाडा आणि पाठ जोडा, तो जमिनीवर आडवा टाका आणि हत्यारं आत मांडा. रोज लागणारी छातीच्या उंचीला, जड रंधे तळाला. प्रत्येक हत्यार उचलून बघा, परत ठेवून बघा. दोन दिवस ते तसंच राहू दे. रंध्यांसाठी मागे कललेली फळी करा आणि खालच्या कडेला पट्टी मारा म्हणजे ते घसरणार नाहीत. पातं फळीला टेकू नये म्हणून रंध्याच्या टाचेखाली, म्हणजे मागच्या टोकाखाली, एक पातळ चीप पुरते. करवतीच्या मुठीत बसेल असा ठोकळा घडवून त्याच्यावर एक फिरती खिट्टी लावा. यातलं काहीही चिकटवायचं नाही. सगळं स्क्रूवर. सातवी पटाशी येणारच आहे.

आता दार. हत्यारांसकट ते बारा किलोचं झालं असं धरा. भार मधोमध, म्हणजे बिजागरीपासून तीस सेंटिमीटरवर. वरच्या आणि खालच्या बिजागरीत साठ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू बाहेर ओढणारा जोर सहा किलोचा. तेच दार मधून चिरून दोन केलीत तर प्रत्येकी सहा किलो, पंधरा सेंटिमीटरवर : जोर दीड किलो. दारं दुप्पट झाली, पण ओढ चौथाईवर आली. दोन दारं करा, आणि बिजागरी पियानोची, वरपासून खालपर्यंत अखंड घ्या.

पियानोवरून आठवलं. हेन्री स्टडली या अमेरिकन पियानो कारागिराच्या (1838–1925) हत्यारपेटीचा फोटो या छंदातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला असतो. बंद केली की साधारण एक मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद, आणि आत तीनशेच्या आसपास हत्यारं! बघत राहावं असं काम आहे. पण त्यातली काही हत्यारं घ्यायला समोरचं फडताळ आधी उचलावं लागतं. आपल्याला एका हाताने, न बघता गुण्या काढता यायला हवा.

सांगाड्याला 18 मिमी प्लायवूड, कोपऱ्यांना पताम (कडेला पायरीसारखी खाच) मारून डिंक आणि स्क्रू. पाठ तुम्ही 6 मिमीची दाखवली आहे, ती 12 करा, नाहीतर खुंट्यांचे स्क्रू धरणार नाहीत. सागवानाच्या अखंड फळ्यांची पाठ हवी असेल तर ती चौकटीच्या खाचेत सैल बसवा. रुंदीत लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, चहूबाजूंनी जखडलं की तडकतं. सागवानाला मुळात तेल असतं, तेव्हा डिंक लावण्याआधी सांधा थिनरने पुसून घ्या.

टांगायला एक पट्टी 45 अंशात उभी चिरा. एक अर्धी भिंतीवर, उतार भिंतीकडे. दुसरी कपाटाच्या पाठीला, उलटी. कपाट वरून सरकवलं की वजनानेच घट्ट बसतं. खालीही तेवढ्याच जाडीची पट्टी द्या. मागे हवा खेळते, भिंतीची ओल लाकडाला लागत नाही.

प्रश्न : (याच वाचकांचा) आतून तेल-पॉलिश करू का? गंज लागू नये म्हणून कप्प्यांना फेल्ट लावावं का?

उत्तर : दोन्ही नको. फेल्ट ओल धरतं आणि भुसाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाला वाव मिळतो, त्यात हाताचा घाम लागलेला. काम संपलं की तेलाचं फडकं एकदा पोलादावरून फिरवा, बाकी काही लागत नाही. जवसाचं तेल बंद कपाटात महिनोन्महिने वास मारतं. आतून लाखेचं पॉलिश पुरे. बाहेरून तेल लावणार असाल तर फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मोकळ्या हवेत पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा.