इटलीहून आलेलं आजोबांचं कार्ड : मूळ कागद हातचा सोडू नका

इंदूरच्या ताई, तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. आजोबा मराठा पलटणीत, दुसऱ्या महायुद्धात, जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पकडले गेले, घरात इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून आलेलं एक छापील कार्ड आहे आणि आता एका कार्यालयात 'ओरिजिनल जमा करा' म्हणतात. ताई, करू नका. बाकी सगळं नंतर.

आम्ही ग्वाल्हेरचे, दौलतगंजातले. आमचे आजोबाही दुसऱ्या बटालियनचे, तोब्रुकलाच सापडलेले. १९९८ मध्ये मी त्यांचं कार्ड घेऊन इथल्या एका कार्यालयात गेलो, नाव घेत नाही. बाबूंनी कार्ड फाइलला टाचलं आणि आठ दिवसांनी यायला सांगितलं. मी पावती मागितली नाही. बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, झेरॉक्सची दुकानं होती, तेही सुचलं नाही. आठ दिवसांचे आठ महिने झाले, साहेब बदलले, फाइल 'वर' गेली आणि शेवटी 'अशी फाइलच नाही' असं उत्तर मिळालं. आजी तेव्हा हयात होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कार्डावरची आजोबांची सही ती बरोबर ओळखायची. 'कार्ड आलं का रे?' असं ती जाईपर्यंत विचारत होती. अजूनही त्या कार्यालयाच्या जिन्यापाशी गेलो की माझं डोकं तापतं.

कार्डाबरोबर आजोबांचा पलटणीतला क्रमांक गेला, हा खरा घात. आम्ही वर्षानुवर्षं आडनावाने शोधत राहिलो आणि पलटणीत त्यांचं आडनाव लावलेलंच नव्हतं. नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. त्यात परक्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. म्हणून क्रमांकाने शोधा.

तुम्ही विचारलंय, आजोबांनी दोनच ओळी का लिहिल्या, तिथे हाल होते का. मी वकील नाही, वाचून कळलं ते सांगतो. युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा करारात ३६ वं कलम आहे. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड लिहू द्यायचं : पकडलो गेलो, तब्येत अशी आहे. तेवढ्यासाठीच ते कार्ड असे. ते पाठवणं हा आजोबांचा हक्क होता, कुणाची मेहेरबानी नव्हे. पण त्यावरून वागणूक बरी होती की वाईट, हे ठरवता येत नाही. मजकुरात फार शोधू नका, शिक्के पाहा. 'पी. जी.' आणि पुढे आकडा असेल तर तो इटालियन छावणीचा क्रमांक. ९१ असेल तर आवेझ्झानो, तिथे भारतीय कैदी होते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं ठेवली आणि पुष्कळ कैद्यांना जर्मनांनी उचलून नेलं. इटलीतला माग तिथे तुटला तर धीर सोडू नका, पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या छावण्या पाहा. फ्रान्समधल्या एपिनालला भारतीय कैदी होते. मे १९४४ च्या बाँबहल्ल्यानंतर तिथून निसटून कित्येक जण स्वित्झर्लंडला पोचले. (ज्यांचे आजोबा सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले, त्यांनी माझ्या सांगण्यावर जाऊ नये. जपानने या करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता, तिथली कथाच वेगळी.)

कार्डावरचा क्रमांक पुसट असेल तर आजोबांची पदकं काढा. भारतीय सैनिकांच्या त्या युद्धातल्या पदकांवर क्रमांक आणि नाव कोरलेलं असे : गोल पदकाच्या कडेला, ताऱ्याच्या पाठीवर. आम्हाला तो शेवटी आजीच्या ट्रंकेतल्या पदकावरच सापडला. भिंगाने वाचा. चिंच किंवा राख लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

मग बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला लिहा आणि जिनिव्हाला रेड क्रॉसच्या अभिलेखागारालाही. जिनिव्हात दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांबद्दलचे अर्ज मोजकेच घेतात, म्हणून ते कधी घेतात हे आधी पाहून ठेवा. दोन्हीकडे कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा. मूळ कार्ड घरी, कपाटात.