आईच्या वर्षाच्या उपासनेला काय बोलू?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी आई गेल्या वर्षी प्रभूकडे गेली. सोलापुरात पूर्व भागातल्या प्रायमरी शाळेत ती बाई होती, वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी, कुणाची आई विडी वळणारी, कुणाचा बाप यंत्रमागावर. परीक्षा असली तरी पोरं विड्यांची तोंडं मिटायला घरीच बसायची, मग आई जाऊन त्यांना उचलून आणायची. पप्पा चर्चचे पाळक, म्हणजे आई पाळकीणबाई पण, शाळा सुटली की संडे स्कूलची तयारी, महिला मंडळ, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना, हे चालूच. आता तिला जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमध्ये उपासना आहे, त्या वर्षाच्या उपासनेला छोटी पुस्तिका काढायचीय. दादा म्हणतो बायबलातला नीतिसूत्रे ३१ हा सद्गुणी बाईचा अध्याय छाप, चार चांगले शब्द लिही, विषय संपव. पण मला आठवतं ते असं की आई अख्ख्या मंडळीला मिळाली आणि आमच्या वाट्याला दमलेली आली. हे लिहिलं तर लोक काय म्हणतील?
– एक मुलगी, सोलापूर

उत्तर : लिहा की. लोक म्हणायचं ते म्हणतातच, नाही लिहिलं तरी म्हणतात.

दादाचा अध्याय घ्या, हरकत नाही, आयांच्या अंत्यविधीला आपल्याकडे हमखास तोच निघतो. पण जरा नीट वाचा, त्यातली बाई रात्र सरायच्या आत उठते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. सगळी कामंच कामं आहेत, नुसतं 'प्रेमळ, मनमिळाऊ' असं काही नाही. तुम्ही पण आईची कामं लिहा. बायबलात पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो तेव्हा त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं घेऊन त्यांच्या विश्वासाची आठवण काढतो, ते वचन पप्पांना वाचायला द्या.

पंडिता रमाबाईंचं बघा. बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या, केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या या बाईला संस्कृत शिकवलं आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, तेही पहाटे झोपेतून उठवून, कारण दिवस उजाडला की घरकाम. रमाबाईंनी १८८७ सालचं आपलं इंग्रजी पुस्तक आईच्या स्मृतीलाच अर्पण केलं. आपल्याला ती आई कळते ती त्या पहाटेमुळे.

मग विद्यार्थ्यांना फोन लावा, पण 'बाईंबद्दल दोन शब्द सांगा' असं विचारू नका, सगळे 'फार चांगल्या होत्या' म्हणून मोकळे होतील. बाई कशावरून ओरडायच्या, तुझ्या घरी आल्या तेव्हा तुझ्या आईशी काय बोलल्या, हे विचारा. व्हॉइस नोट मागवा, तेलुगूत आली तरी चालेल. आणि हो, तेलुगू घरातल्या पोराच्या तोंडी 'तो पेन, ती वही, ते पुस्तक' बसवायचं म्हणजे काय चिकाटी लागते ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक, त्यासाठी आई काय युक्त्या करायची ते नक्की मिळवा.

आता तुमचं दुखणं. ते पुस्तिकेत घाला, पुलपिटवरून, म्हणजे चर्चच्या व्यासपीठावरून नको, तिथे पाच मिनिटं मिळतात आणि समोर रडणारी माणसं असतात, तुमचं बोलणं अर्धवट पोचेल. पुस्तिकेत एखादी संध्याकाळ सांगा, तुम्ही वाट बघत होता, ती उशिरा आली, आल्यावर काय केलं, बस. निकाल देऊ नका. छापायच्या आधी पप्पांना मात्र वाचून दाखवा, त्यांना ते छापलेलं थेट चर्चमध्ये हातात पडायला नको.

प्रेसवाल्याचं म्हणाल तर मधे पिन मारायची पुस्तिका चारच्या पटीत पानं घेते, आठ पानं पुष्कळ झाली. एका पानावर आईच्या टाचण वहीचा, म्हणजे ती पाठाची तयारी लिहायची त्या वहीचा फोटो टाका, तिच्या अक्षरातला, खाडाखोडीसकट. तिचं आवडतं गीत 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातल्या नंबरासकट द्या म्हणजे लोक तिथल्या तिथे गातील. प्रुफं दादाला तपासायला द्या, तेवढाच तोही यात ओढला जाईल, आणि चुका काढता काढता त्याला स्वतःचं काहीतरी आठवेल, त्यासाठी अर्धं पान रिकामं ठेवा.