एसटी देवरुखची, पासिंग पिंपरीचं?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्याचं पासिंग एमएच 08, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण देवरुख आगारातल्या लाल गाड्या बघा. कुणावर एमएच 14, कुणावर एमएच 20, एखादीवर चक्क एमएच 40. दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या आमच्या गळ्यात मारतात का?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : गाड्या खिळखिळ्या असतील तर आगार व्यवस्थापकांशी जरूर भांडा, पण नंबर प्लेटचा पुरावा नेऊ नका. तो टिकणार नाही. कोरी करकरीत गाडी देवरुखला आली असती तरी तिच्यावर 08 क्वचितच दिसला असता.

गाडीची पहिली नोंदणी कुठे झाली, एवढंच तो आकडा सांगतो. एसटीची गाडी वर्षानुवर्षं कंपनीकडून नुसती चेसिस म्हणून येत असे. तिच्यावर बॉडी चढायची महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एकीत : दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगणा. बॉडी पूर्ण झाली की तपासणी आणि नोंदणी त्याच भागातल्या आरटीओत. दापोडी पिंपरी-चिंचवडमध्ये येते, म्हणून 14. चिकलठाणा संभाजीनगरला, म्हणून 20. हिंगणा नागपूर ग्रामीणमध्ये, म्हणून 40. मग पासिंग झालेली गाडी ज्या विभागाच्या वाट्याला येईल तिकडे रवाना. तुमच्या स्टँडवर ‘एमएच 14 बीटी’ आणि ‘एमएच 20 बीएल’ शेजारी शेजारी उभ्या दिसतील. पहिली दापोडीत बांधलेली, दुसरी चिकलठाण्यात. गाडी कुठल्या आगाराची ते बघायचं तर बॉडीवर रंगवलेलं आगाराचं नाव वाचायचं.

मी मोटार वाहन निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासायची, उमटलेला ठसा कागदपत्रांशी ताडून पाहायचा, हे काम हातांना इतकं सवयीचं झालं की आजही रस्त्यात नजर आधी नंबरवर जाते आणि मग गाडीवर. बायकोला हे अजिबात आवडत नाही.

हे आकडे 1989 मध्ये नवी पद्धत आली तेव्हा साधारण विभागवार वाटले गेले. मुंबईला 01 ते 03, ठाण्याला 04, कल्याणला 05, रायगडला 06. पुढे तुमचा नंबर लागायला हवा होता, पण 07 तुम्हाला ओलांडून सिंधुदुर्गाला गेला आणि 08 मागे फिरून रत्नागिरीला आला. मग घाट चढून कोल्हापूर 09, सांगली 10, सातारा 11, पुणे 12. नाशिककडे 15 ते 19, मराठवाड्यात 20 ते 26, विदर्भात 27 ते 36. त्यानंतरची कार्यालयं शेपटाला जोडली गेली : वाशीम 37, हिंगोली 38, नंदुरबार 39, नागपूर ग्रामीण 40. म्हणून एकट्या नागपूरची गाडी 31 ची असू शकते, 40 ची किंवा 49 चीही. एक आकडा म्हणजे एक जिल्हा, हे समीकरण पहिल्यापासूनच खोटं. कल्याण काय, श्रीरामपूर (17) काय, जिल्हे कधीच नव्हते. गावांची नावं बदलली तरी आकडे मात्र हलले नाहीत. धाराशिव 25 वरच आहे, अहिल्यानगर 16 वर.

हल्ली महामंडळ तयार बांधणीच्या गाड्याही घेतं आणि भाड्याच्याही चालवतं. त्यामुळे 14-20-40 हा हिशोब अगदी नव्या गाड्यांना लावायला जाऊ नका.

प्रश्न : पुण्याची जुनी कार घेतली, एमएच 12. आम्ही सांगलीकर. एमएच 10 करून मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. राज्याच्या आत गाडीचा मालक बदलतो, पत्ता बदलतो, नंबर बदलत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करून घ्या, तेवढं पुरे. नवी हाय सिक्युरिटी प्लेट बसवली तरी तिच्यावर हाच नंबर येणार. गाडी चिकोडीची, म्हणजे केए 23 ची असती, तर गोष्ट वेगळी होती. तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर भरायचा आणि मग इथला नंबर. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची असेल तर हे करावंच लागतं. गल्लीत 12 म्हणून कुणी टोमणे मारत असेल तर मारू द्या.

प्रश्न : रात्री पुण्याहून सुटणाऱ्या स्लीपर बसवर एनएल 01, एआर 01 असे नंबर का? एवढे नागालँड-अरुणाचलचे मालक इकडे धंदा करतात?
– एक वाचक, लातूर

उत्तर : मालक बहुधा तुमच्या-माझ्यासारखाच मराठी बोलणारा असतो. कर राज्यागणिक वेगळा असतो आणि स्लीपर बसवर तो बराच मोठा असतो. जिथे स्वस्त पडतं तिथे पासिंग, आणि अखिल भारतीय पर्यटक परमिटवर धंदा इकडे. दीव-दमणचे डीडी नंबरही याच कारणाने दिसतात. प्रवाशाने नंबराची काळजी करण्यापेक्षा संकटकालीन दार कुठे आहे आणि ते उघडतं का, हे झोपण्याआधी बघून घ्यावं.